अस्सल कपाटात, नक्कल गावात

१

नवरीच्या जागी पडद्यावर मास्तर उगवला.

शुक्रवारची दुपार. जुम्म्याची नमाज आटोपून मकबूलभाई नांदेडच्या आपल्या व्हिडिओच्या दुकानात परतले होते. आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडून त्यांनी एक कागदी पाकीट काढलं, त्यातली डिस्क संगणकात घातली. समोर लाकडी स्टुलावर साखराबाई बसली होती. रेणापूरजवळच्या वाडीवरून पहाटेच्या एस.टी.नं आलेली, पासष्टीची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. बारा वर्षांपूर्वी भूकंपात गेलेली लेक तिला पडद्यावर दिसायची होती.

दिसला तो लातूरच्या कुठल्याशा कोचिंग क्लासचा मास्तर. फळ्यावर एक चाक काढून तो ते का फिरतं हे समजावत होता.

मकबूलभाईंनी डिस्क काढली, फिरवून पाहिली, पुन्हा घातली. पुन्हा मास्तरच.

साखराबाईनं हळूच विचारलं, "माझी उज्वला कुठं हाय ह्याच्यात?"

शेजारच्या दुकानात बिघडलेले डीव्हीडी प्लेअर दुरुस्त करत बसलेल्या मन्मथअप्पांना बोलावणं गेलं ते त्यानंतर. अप्पा अहमदपूरकडचे. आयुष्यातली तीस वर्षं त्यांनी टुरिंग टॉकीजचं मशीन चालवलं होतं, जत्रा-जत्रांतून तंबू ठोकत. फिल्म तुटली तर अंधारात, नुसत्या बोटांनी, कुठं तुटली ते ओळखायचे. तंबू गेले, बोटं राहिली. गल्लीत काही हरवलं, फुटलं, चोरीला गेलं की लोक पोलिसाआधी अप्पांना हाक मारत.

अप्पा आले तेव्हा मकबूलभाई आपल्या चोवीस वर्षांच्या मुलासमोर, रिजवानसमोर उभे होते. आवाज चढलेला नव्हता, हेच वाईट होतं.

"केबलवाले आठ दिवसांपासून तुझ्या मागं होते. भूकंपाच्या आधीचं गाव दाखवायचंय, चित्रण असलं तर दे म्हणून. त्यांना दिलीस?"

रिजवाननं नाही म्हटलं.

"लेक्चरच्या डिस्का या दुकानात तुझ्याशिवाय कोण काढतं?"

रिजवान संगणकाकडे वळला, तसे मकबूलभाई आडवे आले.

"एका आईची अमानत होती ती. ती सापडली नाही तर या दुकानात पाऊल टाकू नको. घरातही नको."

रिजवाननं चपला घातल्या नाहीत. अनवाणीच दुकानाची पायरी उतरला.

२

अप्पांनी त्याला गल्लीच्या तोंडाशी गाठलं, आपल्या दुकानात आणून बसवलं आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं.

गोष्ट अशी होती. मे त्र्याण्णवमध्ये उज्वलाचं लग्न झालं. शूटिंग मकबूलभाईंचं. तिचं सासर किल्लारीच्या पट्ट्यात. चार महिन्यांत धरणी हलली, सासरचं घर दगडमातीसकट तिच्यावर बसलं. माहेरी तिचा एक फोटोसुद्धा नव्हता. लग्नाची कॅसेट मात्र पैसे द्यायचे राहिले म्हणून नव्हे, तर न्यायला कुणाचा पाय उचलला नाही म्हणून, मकबूलभाईंच्या माळ्यावर पडून राहिली. यंदा साखराबाईनं मन घट्ट केलं. परवा महालक्ष्म्या यायच्या. माहेरवाशिणीचा सण. लेक पडद्यावर का होईना, सणाला घरी यावी.

कॅसेटला बुरशी लागली होती. एकदाच चालली आणि शेवटाला तिच्या चिंध्या झाल्या. पण तेवढ्यात रिजवाननं सगळं लग्न संगणकात उतरवलं आणि त्याची डिस्क काढली. मग त्या डिस्कवरून दुसरी.

"दुसरी कशाला?" अप्पांना माहीत होतं, तरी विचारलं.

ते दुकानाचं जुनं वळण होतं. भाड्यानं नेलेल्या पिक्चरच्या डिस्कवर लोक काय काय करत. कुणी चहाची बशी ठेवी, कुणी पोराला आरसा म्हणून खेळायला देई. म्हणून मकबूलभाईंनी नियमच केला होता, अस्सल कपाटात, नक्कल गावात. अस्सल डिस्कच्या भोकाशेजारी लाल ठिपका, नकलेवर हिरवा. लाल ठिपका उंबरा ओलांडत नाही.

"आणि संगणकात राहिलं असेल की."

"जागा कुठंय अप्पा? क्लासवाल्यांची लेक्चरं येतात, काम झालं की आधीचं पुसावंच लागतं. बुधवारी रात्रीच पुसलं."

आणि घरच्या प्लेअरवर न चालणारी डिस्क आपण देतच नाही, असं तो मान खाली घालून म्हणाला. हे अप्पांना सांगायची गरज नव्हती. रिजवान डिस्क सावकाश जाळी, म्हणजे तिच्यावर चित्रण उतरवी, घाईनं जाळलेली डिस्क जुन्या प्लेअरला पचत नाही म्हणून. मग कुठल्याही प्लेअरवर लागेल अशी नीट बंद करी. आणि बाहेर पडणारी प्रत्येक डिस्क अप्पांच्या दुकानातल्या तीन जुन्यापान्या प्लेअरवर चालवून बघितली जाई. बुधवारी या दोन्ही डिस्का अप्पांनी स्वतःच चालवल्या होत्या. तिन्हीवर सनई वाजली होती.

म्हणजे डिस्क कोरी नव्हती, बिघडलेली नव्हती. तरी साखराबाईनं नेलेली डिस्क वाडीवर लावली तर प्लेअरनं "डिस्क नाही" असं लिहून दाखवलं. चारदा. म्हणून ती आज परत आली होती. आणि आज कपाटातली अस्सल काढावी तर तिच्या जागी मास्तर.

दोन डिस्का. एक मुकी झाली, दुसरी पळाली. दोन दिवसांत दोन्ही.

अप्पांनी मुकी डिस्क मागवून घेतली. वरच्या बाजूला भोकाभोवती हळदी-कुंकवाचा जाड थर होता. म्हातारीनं पुजली होती. खालची बाजू स्वच्छ. जळलेल्या भागाची गडद कड आतून थेट बाहेरच्या काठापर्यंत पोचलेली, म्हणजे सगळं लग्न आत होतं. तरीही अप्पांच्या तिन्ही प्लेअरनी तिला ओळख दिली नाही.

बुधवारी बोललेली डिस्क शुक्रवारी मुकी का झाली?

३

चोरीची वेळ ठरवायला कष्ट पडले नाहीत. साखराबाई आणि तिचा जावई, उज्वलाचा नवरा भागवत, बारा वाजता आले. तेव्हा मकबूलभाईंनी पाकीट चाचपून बघितलं होतं, आत डिस्क होती. नमाजीनंतर नवी नक्कल काढून देतो म्हणून ते निघून गेले. दोन वाजता परतले. या दोन तासांत आतल्या खोलीत कोण गेलं?

रिजवान पुढं गिऱ्हाइकं सांभाळत होता, पण दोनदा आत गेला होता. त्याची आई बेगमबी मागच्या घरातून पाहुण्यांना जेवण घेऊन आली. साखराबाईचा उपास, ती पुढंच बसून राहिली. भागवत आत जेवला.

बेगमबीला अप्पांनी मागच्या दारी गाठलं. ती तांदूळ निवडत होती आणि निवडलेले पुन्हा खड्यांत मिसळत होती. मुलाचं नाव काढल्यावर डोळे भरून आले. म्हणाली, की त्यानं केलं नाही, अल्ला बघतोय. कपाटाला आज आपला हात लागला नाही हेही तिनं सांगितलं. अप्पा उठता उठता ती आपल्याशीच बोलल्यासारखं बोलली.

"जिची अमानत तिला मी पोचवली हो, अप्पा. पुढं काय झालं ते माझ्या नशिबाचं."

अप्पांनी वळून बघितलं. तिनं पदर तोंडावर ओढून घेतला आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली.

भागवत दुकानासमोरच्या लिंबाखाली उभा होता. चाळिशीचा, अंगानं भरलेला, पांढरा सदरा. डाव्या अंगठ्याला रुमाल गुंडाळलेला. लातुरात क्लासच्या पोरांसाठी खानावळ चालवत होता. भूकंपानंतर दोन वर्षांनी त्यानं केवळाबाईशी दुसरं लग्न केलं, पण साखराबाईला सोडलं नव्हतं. दवाखाना, बाजार, रेशन, सगळ्याला तोच. त्यानं मोकळेपणानं सांगितलं, की आपण जेवलो, हात धुतला, बाहेर आलो. कपाट बघितलंसुद्धा नाही. अंगठ्याचं विचारलं तर म्हणाला, एस.टी.च्या खिडकीत सापडला.

"पोरगं वाईट न्हाई वाटत हो," त्यानं रिजवानबद्दल स्वतःहून म्हटलं. "पण केबलवाले लई चालू असत्यात. जाऊ द्या. मामीला मी समजावतो. नशिबात न्हाई म्हणायचं."

अप्पा परत मकबूलभाईंच्या दुकानात आले. स्टुलावर साखराबाई तशीच बसली होती, पाय वर घेऊन. जात्यावर बसल्यासारखी पुढं-मागं हलत होती, आणि ओठांतून काही झिरपत होतं.

*लेकीचं माहेरपण, जशी तिरीप उन्हाची,*
*पदरी धरू जाता, सावली गं कुणाची.*

अप्पांनी जत्रांमधून अशा ओव्या कोसा-कोसावर ऐकल्या होत्या. ही कधी ऐकली नव्हती. ही तिची तिनंच बांधलेली होती.

तिनं अप्पांकडे बघितलं. "न्हाई मिळाली तर न्हाई. पण त्या पोराला घरात घ्या म्हणा. माझ्या मेलेल्या लेकीपायी कुणाचं जितं लेकरू भाईर नको."

४

अप्पांनी मास्तरची डिस्क उजेडात धरली. हिरवा ठिपका. खालच्या बाजूला गोल गोल ओरखडे, काठावर नखानं उचकटल्याच्या खुणा.

त्यांनी रिजवानला पाठवून भागवतला आत बोलावून घेतलं आणि स्वतःच्या दुकानाचं शटर अर्धं ओढलं.

"बसा भागवतराव. रिजवाननं चोरी केली असती तर पाकिटात काय ठेवलं असतं?"

"ते मला काय ठावं?"

"त्याच्या फळीवर शंभर कोऱ्या डिस्का आहेत. कोरी ठेवली असती. लेक्चरचीच ठेवायची तर नवी करकरीत ठेवली असती. ही बघा. ही दुकानातून लातूरला गेली, कुणा पोरानं चार महिने घासून घासून वापरली आणि ती लातूरहून आज परत आली. रिजवान महिनाभर लातूरला गेला नाही. लातूरहून आज कोण आलं?"

भागवतनं ओठ ओले केले. क्लासची शेकडो पोरं येत-जात असतील, असं काहीतरी तो म्हणाला.

"येतात. पण आतल्या खोलीत बसून जेवत नाहीत. तुमच्या खानावळीतल्या पोरानं अडकणारी डिस्क तुमच्याजवळ दिली, नांदेडला जाताय तर बदलून आणा म्हणून. पोरं देतात, मला माहितीय, माझ्याकडंही पाठवतात. तुम्ही रिजवानला मात्र ती दिली नाहीत. आणि तो रुमाल सोडा."

 भागवतनं सावकाश रुमाल सोडला. अंगठ्यावर बारीक, खोल चीर होती, आणि चिरेच्या काठाला वर्खासारखा चंदेरी कण चिकटलेला. खिडकीच्या पत्र्याला चांदी नसते. हातानं मोडलेल्या डिस्कला असते.

"मोडली?" अप्पांनी विचारलं.

"मोडली."

भागवतनं रुमाल पुन्हा अंगठ्याला गुंडाळला. मग भागवत बोलायला लागला आणि थांबेना.

लग्नात, पाठवणीच्या वेळी, साखराबाईनं कॅमेऱ्यापुढं त्याचा हात धरला होता. महालक्ष्म्यांना लेकीला पंधरा दिवस ठेवशील का, म्हणाली. त्यानं हाव म्हटलं. शब्द दिला. सप्टेंबरात उज्वला माहेरी आली आणि पाचव्या दिवशी तो तिला घेऊन गेला. करमत नव्हतं, एवढंच कारण. तिसऱ्या पहाटे धरणी हलली. तो रानात जागलीला होता म्हणून वाचला.

"पंधरा दिवस ठिवली असती तर आज असती. मामीनं बारा वर्सांत एकदा तोंडातून काढलं न्हाई. इसरली असंल म्हणून मी जगलो. आन् आता ही डिस्क घरात येणार, दर साली लागणार, आन् मी दर साली हाव म्हणणार." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "मामीच्या डिस्कला मी काय केलं न्हाई, आईची आण. ती न चालल्यावर सुटलो वाटलं. तवर मकबूलभाई म्हणाले, अस्सल कपाटात हाय."

"तुकडे कुठंयत?"

त्यानं पिशवीतून जेवणाचा डबा काढला. पाण्यात टाकायचे होते, हात धजला नाही, म्हणाला. डब्याच्या तळाशी दोन मोठे तुकडे आणि मूठभर चुरा. रिजवाननं चुऱ्यातले कण बोटानं गोळा करायला घेतले. कॅसेट गेली, संगणकातलं गेलं, एक डिस्क मुकी, एकीचे तुकडे. चोर सापडला होता आणि उज्वला दुसऱ्यांदा गेली होती.

अप्पांनी एक तुकडा चिमटीत धरला. उजेडाकडे नेला. मग दुसरा उचलून त्याला जोडून पाहिला.

"रिजवान, ठिपका बघ."

रिजवाननं बघितलं. भोकाशेजारचा ठिपका हिरवा होता.

५

कपाटात नक्कल होती. मग अस्सल कुठं गेली?

अप्पा उठून थेट मागच्या दारी गेले. बेगमबी तिथंच होती. त्यांनी दटावलं नाही. एवढंच म्हणाले, "भाभी, बुधवारी साखराबाईच्या हातात पाकीट कुणी दिलं?"

तिचा बांध तिथं फुटला. मकबूलभाईंनी नक्कल पाकिटात घालून ठेवली होती. द्यायला तिनं हात पुढं केला, आणि समोर ती बाई ओंजळ करून उभी. बेगमबीला ते सोसवलं नाही. पिक्चर बघणाऱ्याला नक्कल ठीक. आईला तिच्या लेकीची नक्कल कशी द्यायची? तिनं आत जाऊन पाकिटं बदलली. नवऱ्याचा नियम मोडला. आणि आज म्हातारी मुकी डिस्क घेऊन आली तेव्हा तिला वाटलं, आपल्या हातानं अस्सल बाहेर गेली आणि बाहेर जाऊन मेली. हे सांगावं तर नवरा काय म्हणेल, न सांगावं तर मुलगा रस्त्यावर.

अप्पा साखराबाईला घेऊन आपल्या दुकानात परतले. मुकी डिस्क त्यांनी उलटी केली आणि साखराबाईसमोर धरली.

"बाई, हिची पूजा केलीत. कुंकू कुठल्या अंगाला लावलंत?"

"आधी तोंडाला. मग पाठीला."

"तोंड कुठलं?"

"हे की." तिनं चकचकीत बाजू दाखवली. "ह्यात आपलं तोंड दिसतंय. लेकीचंबी ह्याच्यातच दिसणार. कपाळाला लावतो तसं आधी मेण लावलं, वर कुंकू. न्हाईतर गळून पडतंय. मग मिशनीत घालायची म्हणून पदरानं पुसून घेतलं. पाठीचं ऱ्हाऊ दिलं."

कुंकू पुसलं गेलं होतं, मेण नव्हतं. भोकाभोवती, डोळ्याला न दिसणारं, पातळ. आणि प्लेअर डिस्क वाचायला सुरुवात करतो ती आतूनच, भोकाशेजारून. पहिल्याच पावलाला धुकं, मग तो कसला पुढं जातो. पाठीवरच्या कुंकवाखाली लाल ठिपका झाकला गेला होता, म्हणून कुणालाच अस्सल ओळखू आली नव्हती.

अप्पांनी खोबरेल तेलाचा एक थेंब मागवला. मग साबणाचं कोमट पाणी, जुनं मऊ मलमल. गोल गोल नाही पुसलं. भोकाकडून काठाकडे, सरळ, चाकाच्या आऱ्यांसारखं. एकदा, दोनदा, पाचदा. रिजवानचा श्वास त्यांना मानेवर जाणवत होता. मकबूलभाई दारात येऊन उभे होते, त्यांना बेगमबीनं काहीतरी सांगितलं असावं, कारण ते मुलाच्या बाजूला, खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि तसेच राहिले.

भागवत दाराकडे सरकला.

"बसा," अप्पा म्हणाले. "आता तुमचंच लग्न लागतंय."

सगळ्यात जुना प्लेअर. डिस्क आत गेली. आतून घरघर आली, थांबली, पुन्हा आली.

सनई वाजली.

मांडव दिसला. हिरव्या शालूतली वीस वर्षांची मुलगी, मुंडावळ्या मागं सारून कुणाला तरी डोळ्यांनी दटावत होती. साखराबाई पडद्याला हात लावायला उठली आणि मध्येच थांबली.  हळदीची गडबड, पंगती, मामाचं मुंडासं सुटलेलं. मग पाठवणी आली. पडद्यावरच्या, बारा वर्षांनी तरुण साखराबाईनं जावयाचा हात धरला. भागवतनं मान गुडघ्यात घातली.

"महालक्ष्म्यांना पंधरा दिस ठिवशील न्हवं?"

"हाव, मामी. शब्द देतो."

आणि मागून, रडून बसलेल्या आवाजात, पण हसत, उज्वला म्हणाली, "पंधरा दिस कोण ऱ्हातंय गं तुझ्यापाशी? पाचव्या दिशी मीच बोलावते ह्यांना."

मांडवातले सगळे हसले. कॅमेरासुद्धा थोडा हलला, मकबूलभाई हसले असणार.

भागवतनं मान वर केली. हे त्याला आठवतच नव्हतं. बारा वर्षं त्याला आपलाच शब्द ऐकू येत राहिला होता, तिचा नाही.

साखराबाई पडद्यावरून नजर न काढता बोलली. "तू आलास त्या दिशी तिची पिशवी सकाळपास्नं भरलेली व्हती. उंबऱ्यात बसली व्हती वाट बघत. मी कडी लावली असती तरी गेली असती."

"मला का न्हाई सांगितलं मामी?"

"सांगायला पायजे व्हतं." तिनं डोळ्याला पदर लावला. "राग व्हता. कुणावर तरी काढायचा व्हता. तू समोर व्हतास. म्हनलं, जळू दे ह्यालाबी जरा. मग सांगायचं ऱ्हाऊन गेलं, आन् तू तर पोटच्या पोरावानी करत ऱ्हायलास. मग लाज वाटाय लागली."

रिजवान पुढं झाला. आजच्या आज पाच नकला काढतो, म्हणाला, पण तिनं हातानं त्याला थांबवलं. ते नंतर. तिला आधी दुसरं बोलायचं होतं. भागवतकडे ती पहिल्यांदाच सरळ वळली.

"परवा महालक्ष्म्या येत्यात. बारा सालं झाली, माझ्या घरी माहेरवाशीण जेवली न्हाई. केवळाला सांग, साडी-चोळी मी घिऊन ठिवते. मापाचं पोलकं तेवढं संगं आण म्हनावं."

 "किती दिस ठिवू?" भागवतनं विचारलं.

"तिलाच इचार," साखराबाई म्हणाली आणि पुन्हा पडद्याकडे वळली.